पॅनेल सगळ्यांना त्याच भावात, चकरा ज्याच्या त्याच्या: सोलापुरात गच्चीवर सोलर बसवताना

आमच्या गच्चीवर सोलर बसायला दीड दिवस लागला. त्यासाठीचे कागद जमवायला साडेतीन महिने लागले. मीटर आजोबांच्या नावावर होतं आणि आजोबा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. दर महिन्याला त्यांच्या नावाने बिल यायचं, आम्ही भरायचो, कुणाचंच काही अडत नव्हतं. अडलं ते अर्ज भरायला बसलो तेव्हा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ज्याच्या नावावर वीजजोडणी त्याच्याच बँक खात्यात येतं. मग मीटर वडिलांच्या नावावर करणं आलं, त्यासाठी वारसांची संमती आली, आणि आमच्या दोन आत्यांपैकी एक बार्शीला, दुसरी हैदराबादला. मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने पूर्ण बिल भरत आम्ही सह्यांची वाट बघितली.

शेजारपाजारच्या आठ-दहा घरांचे कागद मी तेव्हापासून करून दिले. पॅनेलच्या भावात दोन विक्रेत्यांमध्ये फारसा फरक नसतो. फरक पडतो तो वरखर्चात: एजंटाची चिरीमिरी, बुडालेला रोज, पुन्हा पुन्हा काढलेल्या झेरॉक्स, नको तेवढी मोठी यंत्रणा, आणि सगळ्यात मोठा म्हणजे थांबण्याचा खर्च. यातला बहुतेक खर्च विक्रेत्याला पहिला फोन करण्याआधीच वाचवता येतो.

बिल हातात घ्या आणि नाव वाचा

महावितरणच्या बिलावर चार गोष्टी बघायच्या: बारा आकडी ग्राहक क्रमांक, नाव, मंजूर भार आणि मागच्या महिन्यांचा वापर. थकबाकी असेल तर आधी ती भरून टाका.

नाव अक्षर न् अक्षर वाचा. आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर आणि बिलावर एकच नाव हवं. आपल्याकडे पूर्व भागात ही अडचण फार दिसते. तेलुगू घरांमध्ये आडनाव कधी आधी, कधी शेवटी. एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. कन्नड घरांत ‘अप्पा’ आणि ‘अण्णा’ कुठे जोडून, कुठे तोडून. माणूस एकच, पण संगणकाला ते दोघे वाटतात.

मीटर हयात नसलेल्या माणसाच्या नावावर असेल तर नावबदलाचा अर्ज आज करा, सोलरचा विचार पक्का व्हायच्या आधी. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, महापालिकेच्या कराची पावती किंवा उतारा आणि तुमचं ओळखपत्र एवढं लागतं. घर विकत घेतलेलं असेल तर खरेदीखत किंवा इंडेक्स-टू. अर्ज महावितरणच्या अ‍ॅपवरून होतो. वारसांच्या सह्या मात्र अ‍ॅपवर होत नाहीत. त्या दिवाळीला, लग्नाला, किंवा गड्ड्याच्या यात्रेला सगळे जमतात तेव्हाच उरकून घ्या. मी हे केलं असतं तर हैदराबादची एक फेरी वाचली असती.

मंजूर भाराची चिंता बहुतेकांना उगाच घातली जाते. जुन्या जोडणीवर अर्धा किंवा एक किलोवॉट लिहिलेला असतो आणि कुणीतरी सांगतं की आधी भार वाढवा, त्याचे एवढे पैसे होतील. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. तो मान्य झालाच असं धरलं जातं आणि गरजेप्रमाणे भार वाढवून देणं हे वीज कंपनीचं काम. ५ किलोवॉटपर्यंत ट्रान्सफॉर्मर-वाहिनी मजबूत करावी लागली तर तो खर्चही कंपनीचा. तुमच्या कोटेशनमध्ये ‘फिजिबिलिटी चार्जेस’ दिसले तर बोट ठेवून विचारा, हे कशाचे.

गच्चीवर खडू घेऊन जा

सोलापुरात पाणी रोज येत नाही, म्हणून प्रत्येक गच्चीवर टाकी, आणि बऱ्याच गच्च्यांवर दोन. सोलरचा पहिला शत्रू तीच. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज नुसती तेवढ्या कोपऱ्यापुरती घटत नाही. पॅनेल एकमेकांना मालेसारखे जोडलेले असतात, म्हणून एकाची ओढ सगळ्यांना लागते.

डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात, म्हणजे सावल्या सर्वांत लांब असतात तेव्हा, सकाळी साडेनऊला, दुपारी साडेबाराला आणि साडेतीनला गच्चीवर जा आणि टाकीच्या, जिन्याच्या खोलीच्या, शेजारच्या भिंतीच्या सावलीची कड खडूने आखा. शहर साधारण साडेसतरा-अठरा अक्षांशावर आहे. त्या हिशेबाने ५ फूट उंचीच्या टाकीची सावली डिसेंबरात सकाळी साडेनऊला साडेआठ फुटांच्या आसपास जाते आणि साडेबाराला साडेचार फुटांच्या आत येते. डिसेंबरपर्यंत थांबायला वेळ नसेल तर हेच माप धरा. टाकीची सावली त्या दिवसांत उत्तरेकडे पडते, म्हणून पॅनेल दक्षिणेला आणि टाकी उत्तरेला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, पुढे जुलैअखेरपर्यंत किंचित उत्तरेला असतो. पण तेव्हाच्या दुपारच्या सावल्या इतक्या आखूड असतात की त्यांनी काही बिघडत नाही.

आमच्याकडे विक्रेत्याने टाकी चुकवायला उंच स्ट्रक्चरचे वेगळे पैसे लावले होते. ते ऐकत उभा असलेला प्लंबर म्हणाला, “सावली इथपर्यंत येऊलाली बघा काका, टाकीच तिकडं सरकवा की.” थोडं वीटकाम, दोन एल्बो आणि दहा फूट पाइप. स्ट्रक्चरच्या पैशांत त्याची मजुरी कितीतरी वेळा भागली असती.

तरीही उंच स्ट्रक्चर घ्यावं लागतं अशी घरं आहेतच. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवायला, शेंगा पसरायला, रात्री अंथरूण टाकायला गच्ची हवी असते. ५४० वॉटचं एक पॅनेल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि अठ्ठावीस-एकोणतीस किलोच्या आसपास असतं. ३ किलोवॉटला असे सहा लागतात. घरातल्या बायकांना न विचारता खाली अडीच फुटांवर पॅनेल बसवून घेणारे आणि मग वर्षभर बोलणी खाणारे दोघेजण माझ्या ओळखीचे आहेत. उंच घ्यायचं ठरलं तर वळिवाच्या वाऱ्याचा विचार हवा: खांब स्लॅबला अँकर बोल्टने कसे धरणार, पाया काँक्रीटचा किती, गॅल्वनाइज्ड पाइपची जाडी किती, हे कागदावर लिहून घ्या. वेल्डिंग केलेल्या जागी नुसता चंदेरी रंग मारलेला चालत नाही, तिथून गंज धरतो.

घर माळवदाचं असेल तर मातीच्या धाब्यावर वजन टाकू नका. अंगणात किंवा शेजारच्या आरसीसी भागावर जागा बघा. सिमेंटच्या पत्र्यावर माणूस चढवण्याआधी खाली कैच्या कुठे आहेत ते त्याला दाखवा. पत्रा फुटून माणूस खाली येतो.

किती किलोवॉट? विक्रेत्याने सांगितले तेवढे नकोत

इथे जरा रेंगाळतो, कारण वायफळ पैसा सर्वांत जास्त इथेच जातो.

एक किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट, म्हणजे महिन्याला १२०च्या आसपास धरा. बिलांवरून बारा महिन्यांचा वापर बेरीज करून बाराने भागा. समजा महिन्याचे २२० युनिट आले. विक्रेता म्हणेल ३ किलोवॉट घ्या, कारण अनुदान ७८ हजारांपर्यंत मिळतं. खरं आहे, पण ते कसं मिळतं बघा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, त्यापुढे शून्य. वीजदराचंही तसंच उलट गणित: पहिल्या १०० युनिटचा दर कमी, १०१व्या युनिटपासून जवळपास दुप्पट. म्हणजे पहिला किलोवॉट तुमचे महागडे युनिट खातो आणि त्यावर अनुदानही भरघोस. दुसरा स्वस्त युनिट खातो, पण अनुदान तेवढंच. तिसरा या घरात बहुतांश वीज महावितरणला देण्यासाठीच राबेल.

आणि दिलेल्या त्या विजेचं काय होतं? जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या दिवशी शिल्लक युनिटचा हिशेब मिटवला जातो आणि मिळणारा दर आपण मोजतो त्याच्या मानाने बराच कमी असतो. आता सोलापूरचं वेळापत्रक आठवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखा बंद, ऊन स्वच्छ, युनिट साठतात. ३१ मार्चला साठा रिकामा. आणि १ एप्रिलपासून कूलर सुरू! हिवाळ्याची पुंजी उन्हाळ्याला उपयोगी पडत नाही. म्हणून २२० युनिटच्या घराला मी दोन किलोवॉट सांगतो. एसी घ्यायचं खरंच ठरलेलं असेल, किंवा मुलगा विजेवरची स्कूटर घेणार असेल, तर तीन. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून नको.

इथलं ऊन कडक, म्हणून मे महिन्यात वीज धो धो येईल असाही समज आहे. पॅनेलवर लिहिलेली ताकद २५ अंश तापमानाची असते. मेच्या दुपारी काच हाताला लावून बघा. आतलं तापमान ७० अंशांच्या आसपास पोहोचतं आणि प्रत्येक अंशामागे साधारण एक तृतीयांश टक्का वीज घटते. त्या तासाला साधारण १५ टक्के ताकद नुसती उष्णतेत जाते. पॅनेलखालून वारा खेळता राहिला तर थोडी बचत होते.

वापर १०० युनिटच्या आत असेल, म्हणजे विडी वळणाऱ्या मावश्यांच्या घरांत असतो तसा, तर मोठ्या यंत्रणेचा विचारच नको. राज्य सरकारने २०२५ मध्ये आणलेली ‘स्मार्ट’ योजना अशाच घरांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आहे. त्यात एक किलोवॉटला केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर पडते.

अर्ज स्वतःच्या मोबाइलवरूनच

पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणी करताना राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक आणि मोबाइल नंबर टाकायचा. तो नंबर तुमचाच असू द्या. “राहू द्या मावशी, मी करतो सगळं” म्हणत एजंट स्वतःचा नंबर टाकतो, मग प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे. पुढे त्याच्याशी बिनसलं की तुमचाच अर्ज तुम्हाला उघडत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना नुसता नंबर बदलून घ्यायला चार फेऱ्या झाल्या. अडलं तर योजनेची मदतवाहिनी १५५५५ आहे.

पैसे हाताशी नसतील तर सरकारी बँका ३ किलोवॉटपर्यंत तारण न घेता २ लाखांपर्यंत कर्ज देतात. व्याज गृहकर्जाच्या आसपासचं किंवा त्याहून कमी असतं. खासगी फायनान्सचा माणूस विक्रेत्याबरोबरच आला तर सही करण्याआधी आपल्या बँकेत जाऊन या.

कोटेशन वाचायचं कसं

तीन कोटेशन मागवा आणि तिघांनाही एकच कागद द्या: इतके किलोवॉट, अमुक उंचीचं स्ट्रक्चर, मीटरपर्यंत इतके फूट केबल. नाहीतर प्रत्येकजण वेगळ्याच वस्तूचा भाव देतो आणि तुलना होत नाही.

पॅनेल ‘डीसीआर’ हवेत, म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. नसतील तर अनुदान नाही. स्वस्त कोटेशनमध्ये हाच शब्द गाळलेला असतो. जीएसटीही तपासा: सोलर उपकरणांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साहित्याचे ७० टक्के आणि कामाचे ३० टक्के धरून पूर्ण यंत्रणेवर तो ८.९ टक्के होतो. जुना १३.८ टक्के लावलेला कागद अजूनही कुणी पुढे केला तर तिथेच परत करा.

अनुदान कापून उरलेले पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा. अनुदान तुमच्या खात्यात येतं, त्याच्या नाही. पैसे टप्प्याने द्या. मी सांगतो तो टप्पा असा: थोडी आगाऊ रक्कम, माल गच्चीवर उतरल्यावर मोठा हप्ता, आणि दहा टक्के नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) लागून यंत्रणा चालू झाल्यावर. शेवटचे दहा टक्के हातात असले की नेट मीटरच्या कामाला विक्रेता स्वतः धावतो. योजनेत पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ‘एएमसी’चे वेगळे पैसे पहिल्या पाच वर्षांसाठी कुणी लावू नयेत.

बसवतात त्या दिवशी

घरात थांबा. पॅनेलच्या मागच्या अनुक्रमांकांचे फोटो ते वर चढवण्याआधी काढा, नंतर मागची बाजू दिसत नाही. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: पॅनेलच्या सांगाड्याचा, इन्व्हर्टरचा (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारी पेटी) आणि वीजरोधकाचा. कारागीर उन्हात कंटाळतो, मुरूम लागला की एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडतो. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उघड्यावर लावू देऊ नका. सावलीत, वारा लागेल असा लावा.

घरातल्यांना त्याच दिवशी एक सांगून ठेवा: लाइट गेली की सोलरही बंद पडतं. बाहेर वाहिनीवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं असतं. बॅटरीशिवायच्या यंत्रणेकडून भारनियमनात पंखा फिरण्याची आशा ठेवू नका.

थांबण्याचे दिवस

पॅनेल बसले, ऊन पडलंय, आणि नेट मीटर आलेलं नाही. हात शिवशिवतात, पण स्विच लावू नका. जुने मीटर बाहेर जाणारी वीजही बरेचदा वापर म्हणूनच मोजतं. चोरून चालवलेल्या सोलरमुळे बिल वाढलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

यंत्रणा चालू करून देण्याची मुदत नियमात ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली आहे. विक्रेत्याने कागद खरंच कधी चढवले ती तारीख पोर्टलवर दिसते; ‘ऑफिसातून होत नाही’ असं तो सांगत असतो तेव्हा अर्ध्या वेळा कागद त्याच्याकडेच असतात. तारीख बघा आणि मगच शाखा कार्यालयात जा. जाताना अर्ज क्रमांक लिहिलेला अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं.

तपासणी झाली, मीटर लागलं की पोर्टलवर बँकेचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश चढवायचा. इथे पुन्हा तेच नाव, तीच अक्षरं.

दहा घरं मिळून

एकट्याने केलेल्या कामाचा वरखर्च कमी करायला एक मर्यादा असते. पुढची बचत गल्लीने मिळून होते. विक्रेत्याची पाहणी, टेम्पो, वेल्डिंगचा माणूस आणि तपासणीची फेरी हे सगळं एका घराला लागतं तेवढंच शेजारच्या दहा घरांना जवळपास लागतं. आपल्याकडे गणपतीचं मंडळ आहे, जयंतीचं मंडळ आहे, वर्गणीची वही आहे. तीच वही वापरा. रकाने पाच: नाव बिलाशी जुळतं का, बारा महिन्यांचे युनिट, गच्ची कसली, मोबाइल कुणाचा, अर्ज कुठवर आला. करार मात्र प्रत्येकाने स्वतंत्र करायचा, मंडळाने पैसे हाताळायचे नाहीत. अशोक चौक, नीलम नगरकडे काम असेल तर समजावून सांगणारा तेलुगू बोलणारा हवा. मराठीतलं पत्रक सगळे वाचतात, पण शंका माणूस आपल्या घरातल्या भाषेतच विचारतो.

जुन्या पेठांमध्ये ट्रान्सफॉर्मर लांब असतो. एका वायरीवर पाच-सहा घरांचं सोलर आलं की दुपारी व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर आपोआप बंद होतात. दहा जणांनी मिळून आधीच शाखा अभियंत्याला लेखी कळवलं तर वाहिनीचं काम वेळेत निघतं. एकट्याची तक्रार ‘इन्व्हर्टर खराब असेल’ म्हणून परत येते.

अपार्टमेंटमध्ये गच्ची सगळ्यांची, म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव आधी. सुरुवात सामाईक मीटरपासून करा: लिफ्ट, जिन्याचे दिवे, आणि पाणी आलं की तासन् तास चालणारा पंप. त्याला किलोवॉटमागे १८ हजार अनुदान आहे. घराखाली यंत्रमाग असतील तर त्यांची जोडणी वेगळी. घरगुती अनुदान फक्त घराच्या मीटरला. दोन्ही एकाच मीटरवर चालत असतील तर आधी ते सरळ करा.

पहिलं बिल

सोलरनंतरच्या पहिल्या बिलावर घेतलेले युनिट, दिलेले युनिट आणि शिल्लक असे तीन आकडे असतात. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवरचा आकडा एकूण निर्मितीचा; त्यातले दिवसा घरात वापरलेले युनिट मीटरला दिसतच नाहीत, म्हणून दोन्ही जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. मीटर बदललं त्या दिवशीच्या जुन्या-नव्या वाचनाचा फोटो काढलेला असेल तर पहिल्या बिलातली चूक एका फेरीत दुरुस्त होते. बिल शून्य येत नाही. स्थिर आकार राहतोच.

फेब्रुवारीपासून पावसापर्यंत धूळ बसते. पंधरा दिवसांनी पहाटे, काच थंड असताना, मऊ फडक्याने पुसा. बोअरचं पाणी वापरू नका, त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि मग निघता निघत नाहीत. पाणी आलेल्या दिवशी दोन बादल्या बाजूला काढून ठेवा.